क्लासिकल स्केलर पार्श्वभूमीत क्वांटम फील्ड: वाचायला काय घ्यावं?

शून्यबिंदू
मुक्त फील्डचं क्वांटायझेशन आणि फाइनमन आकृत्या झाल्यात. आता एक स्केलर फील्ड क्लासिकल मानून, त्याच्या पार्श्वभूमीवर दुसरं फील्ड क्वांटाइज कसं करतात ते शिकायचंय. जे उघडावं ते थेट वक्र अवकाशकालात घुसतं. गुरुत्वाकर्षण बाजूला ठेवून काही आहे का?

त्रिज्या
मुखानोव्ह-विनिट्स्की यांचं ‘Introduction to Quantum Effects in Gravity’, २००७. नावात गुरुत्वाकर्षण आहे म्हणून बिचकू नका, सुरुवातीला नुसते दोलक आहेत. पार्श्वभूमी फक्त काळानुसार बदलत असेल तर प्रत्येक मोड (फील्डमधली एका तरंगसंख्येची लाट) हा बदलत्या वारंवारितेचा सुटा दोलक. बोगोल्युबोव्ह गुणांक (अल्फा आणि बीटा: आधीच्या आणि नंतरच्या मोडना जोडणारे; बीटातून निर्माण झालेले कण कळतात) तिथेच नीट समजतात. मग कोफमन, लिंडे, स्टारोबिन्स्की यांचा १९९४ चा प्रीहीटिंगवरचा, म्हणजे विश्वाच्या आरंभी दोलणाऱ्या फील्डमधून झपाट्याने कण तयार होण्यावरचा, निबंध घ्या.

उदक
आणि पार्श्वभूमी स्थिर, पण जागेनुसार बदलणारी असेल तर? मग राजारामन यांचं सॉलिटॉनवरचं (आकार न मोडता टिकणाऱ्या लाटांवरचं) पुस्तक हवं. किंकभोवतीची (किंक म्हणजे फील्ड एका निर्वात किमतीवरून दुसरीवर जाते ती पायरी) कंपनं काढणं म्हणजे श्रोडिंगरसारखं समीकरण सोडवणं: φ⁴ किंकला एक शून्य-मोड (शून्य वारंवारितेचा), आणखी एक बद्ध अवस्था, वर सलग वर्णपट. तिथे फर्मिऑन ठेवला की जॅकिव-रेब्बी (१९७६), फर्मिऑन संख्या चक्क अर्धी! माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

शून्यबिंदू
माझं प्रकरण काळाचंच आहे. पार्श्वभूमी शून्याभोवती दोलते, दुसऱ्या फील्डला स्वतःचं वस्तुमान नाही, जोडणी दोन्ही फील्डच्या वर्गांची. कोड लिहिलाय, पण कणसंख्या मध्येच वेड्यासारखी वरखाली होते.

त्रिज्या
होणारच. पार्श्वभूमी शून्यातून जाते तेव्हा लहान तरंगसंख्येच्या मोडची वारंवारिता तळाला जाते आणि त्या क्षणापुरती ‘हळू बदल’ ही अट मोडते. कण तिथेच निर्माण होतात, पण नेमक्या त्या क्षणी ‘किती कण’ विचारण्यात अर्थ नाही. दोन शून्यांच्या मधे, पार्श्वभूमी टोकाला असताना मोजा. बोसॉनसाठी अल्फाच्या मापाच्या वर्गातून बीटाच्या मापाचा वर्ग वजा केला की प्रत्येक पायरीवर एकच उरायला हवा. नसेल उरत तर गडबड पायरीच्या लांबीत शोधा, भौतिकीत नाही.

उदक
त्याआधी दोलन काढून टाका आणि वारंवारितेचा वर्ग टॅनएच (tanh) वक्राने एका किमतीवरून दुसरीवर न्या. त्याचं अचूक उत्तर हायपरजॉमेट्रिक फलनांत मिळतं, कोड त्याच्याशी ताडून बघा. आणि कणसंख्या फुगत गेली की पार्श्वभूमी हाताने ठरवलेली ठेवता येणार नाही. ऊर्जा तिच्यातूनच जातेय, तेव्हा तिचंही समीकरण जोडा.

शून्यबिंदू
पायरी निम्मी केली, वजाबाकी एक आली. आता टॅनएच लावतो.