कौल दिलात, आता कारणही द्या?

पारावरचा:
परवा एकानं लिहिलं, "प्रचालकपदाच्या कौलात पाठिंब्याला कारण नको, विरोधाला हवंच." (प्रचालक म्हणजे विकीवर पानांना कुलपं लावायचे वगैरे जादा अधिकार असलेला सदस्य, त्याला निवडायचं मतदान म्हणजे कौल.) डोकंच फिरलं. म्हणजे दहा दोस्तांनी येऊन नुसतं 'पाठिंबा' लिहून सही ठोकायची आणि मी नको म्हटलं की माझी उलटतपासणी? इंग्रजी विकिपीडियावर सात दिवस हेच, विरोध केला की खाली जाब विचारणारे हजर. कारण मागायचं तर दोघांना मागा, नाहीतर कुणालाच नको.

खडूसकाकू:
अहो, पण का नको ते कळल्याशिवाय त्या पोरानं सुधारायचं काय? तिथे पाठिंबा ६५ ते ७५ टक्क्यांत अडकला की ब्युरोक्रॅट (कौलाचा निकाल लावणारे सदस्य) कारणं वाचून ठरवतात, नुसती डोकी मोजत नाहीत. अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत तर कोडमधल्या बदलाला व्हेटो (नकाराधिकार) देताना तांत्रिक कारण नसेल तर तो धरतच नाहीत.

पारावरचा:
कोडला वाईट वाटत नाही काकू.

अर्धाकप:
कारणांचं कौतुक मला नका सांगू. एका प्रकल्पात (नाव घेत नाही) मी प्रचालकपदाला उभा होतो, चार वर्षं रात्री जागून ऊत्पात (पानांची मुद्दाम केलेली नासधूस) उलटवले, आणि एका साहेबांचं कारण काय, तर "उमेदवार 'आणी' लिहितो". त्यांच्याच पुढच्या ओळीत 'परंतू'! खाली तिघं 'वरीलप्रमाणे' म्हणून सह्या करून मोकळे.

ऱ्हस्वदीर्घ:
'आणी' चूकच आहे. ज्याला एवढं येत नाही तो इतरांच्या पानांना कुलपं लावणार?

अर्धाकप:
शेवटचा इकार दीर्घ हा नियमच आहे, 'आणि', 'नि' अपवाद. मी नियम पाळला, अपवाद चुकला.

ऱ्हस्वदीर्घ:
व्वा! मग 'परंतु'पण अपवादच, त्या साहेबांना का झोडताय? फोनच्या कीबोर्डनं केलं असेल.

अर्धाकप:
त्यांचा तो कीबोर्ड, माझं ते अज्ञान. बरंय.

खडूसकाकू:
शुद्धलेखनाचा तास संपला असेल तर मुद्द्यावर येऊ या का?

पारावरचा:
मुद्दा हाच की इंग्रजीवाल्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये गुप्त मतदान करून बघितलं, ७० टक्के पाठिंब्याची अट, ३२ उमेदवारांपैकी ११ निवडून आले. कुणी कुणाला जाब विचारला नाही.

खडूसकाकू:
आणि आधी तीन दिवस चर्चा होती ते सोयीस्कर विसरलात. बाकीच्या एकवीस जणांनी काय, भिंतीला विचारायचं आपण का पडलो?

अर्धाकप:
भिंत परवडली काकू. मला अजून लोक 'काय आणी' म्हणून हाक मारतात.

ऱ्हस्वदीर्घ:
ठीक आहे, तेवढ्यावरून विरोध म्हणजे जरा जास्तच झालं, मान्य. फक्त वर 'ऊत्पात' झालंय तेवढं बघा.