अनुभव धागा: टर्मिनलमधून व्हिडिओ कापणं, जोडणं, बदलणं

एफएफएमपेग वापरणाऱ्यांनी आपापले अनुभव इथे लिहावेत, म्हणून हा धागा. फाब्रिस बेलार्ड यांनी २००० साली सुरू केलेलं हे फुकट साधन. व्हीएलसीमध्ये व्हिडिओ लावता तेव्हाही आतून बऱ्याचदा त्याचंच कोड राबत असतं. बटणं नाहीत, टाइमलाइन नाही. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांड लिहायची आणि एंटर मारायचा.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे सप्ताहातली कीर्तनं फोनवर रेकॉर्ड होतात. दोन-अडीच तासांच्या फाइलमधला नेमका पूर्वरंग कुणाला तरी हवा असतो. नेहमीच्या एडिटरमध्ये टाकलं की तो अख्खा तुकडा नव्याने रेंडर करत, म्हणजे एकेक चित्र पुन्हा बनवत बसतो. लॅपटॉपचा पंखा बोंबलतो आणि चित्रही थोडं उतरतं. इथे ‘एसएस’ला सुरुवातीची वेळ, ‘टीओ’ला शेवटची आणि पुढे ‘सी कॉपी’ एवढं दिलं की काही सेकंदांत तुकडा हातात. कारण तो चित्राला हातच लावत नाही, आहे तो डेटा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवतो. माझं तर ठाम मत आहे: घरगुती कामांपैकी बहुतेकांना रेंडरची गरजच नसते. पटत नसेल तर भांडायला या.

—

भांडायलाच आलोय. मी तबल्याचे क्लास घेतो. तिहाई समेवर येते तिथेच तुकडा संपायला हवा आणि मुखड्याच्या पहिल्या बोलावर सुरू व्हायला हवा. कॉपीत ते जमेलच असं नाही. व्हिडिओत पूर्ण चित्र फक्त की-फ्रेमला असतं, मधल्या फ्रेम म्हणजे आधीच्या-नंतरच्या चित्रांशी असलेला फरक. त्यामुळे कॉपी केलेला तुकडा की-फ्रेमवरच सुरू होऊ शकतो. व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एक्स२६४ला काही सांगितलं नाही तर दोन की-फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर जातं. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ते झाले दहा सेकंद! विलंबित एकतालात चालेल एक वेळ, द्रुतात तेवढ्यात चार आवर्तनं निघून जातात. असे तुकडे मी सरळ रेंडर करतो, सीआरएफ (चित्राचा दर्जा ठरवणारा आकडा) १८ ठेवून. मुळातला आकडा २३ असतो. जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी.

—

वरच्या गुरुजींना: फोनच्या कॅमेऱ्यात की-फ्रेम बहुधा सेकंदा-सेकंदाला असते, तिथे कॉपी खपून जाते. दुखणं खरं स्क्रीन रेकॉर्डिंगचं.

—

आमच्याकडे लग्नांच्या जुन्या कॅसेटी. व्हीएचएस आणि नंतरच्या मिनीडीव्ही. (डीव्ही म्हणजे तासाला साधारण १३ जीबी, डिस्क तयार ठेवा.) अक्षता उडतात तिथे, वरात नाचते तिथे, सगळ्या कडांना कंगव्याचे दाते दिसतात. तो कॅसेटचा दोष नाही. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं: एकात एकाआड एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या. ही अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणांची असतात, म्हणून हलत्या गोष्टीला दाते येतात. ‘यॅडिफ’ हे फिल्टर लावलं की ते जातात. पण कृपा करून त्याचा मोड १ वापरा. प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र होतं, सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि नाचणारी माणसं पूर्वी टीव्हीवर दिसायची तशी सुळसुळीत हलतात. मोड ० मध्ये निम्मी हालचाल फुकट जाते. आणखी एक: पाल डीव्हीमध्ये खालच्या ओळींचं अर्धं चित्र आधी येतं. हा क्रम उलटा धरला गेला तर वरात दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे चालते!

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या निघतात, तिथे सेकंदाला २९.९७ चित्रं. त्या आपल्या कॅसेटींसोबत एकाच फाइलमध्ये कोंबू नका, वेगळ्या ठेवा.

—

जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मुलांसाठी प्रयोगांचे व्हिडिओ करते, खाली मराठी ओळी लागतात. चित्रावर अक्षरं लिहिणाऱ्या ‘ड्रॉटेक्स्ट’ फिल्टरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरीची वाट लागते: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटतात. ‘विज्ञान’ वाचायला मुलांना विज्ञान नाही, कोडं सोडवायला लागतं. उपाय असा की ओळी एसआरटी या सबटायटलच्या साध्या मजकूर फाइलमध्ये लिहायच्या, ती यूटीएफ-८मध्ये (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) सेव्ह करायची आणि ‘सबटायटल्स’ फिल्टरने चित्रावर उमटवायच्या. त्यामागे लिबअ‍ॅस नावाची लायब्ररी असते, ती अक्षरं नीट जुळवते. फाँट नाव घेऊन सांगायचा, मी मुक्ता वापरते. इथे रेंडर टळत नाही हो धागाकर्ते, कारण चित्रच बदलतंय.

—

दिवे कधीही जाणाऱ्या गावातून सल्ला: लांब रेकॉर्डिंग एमपी४ प्रकारच्या फाइलमध्ये करू नका, एमकेव्हीमध्ये करा. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका, म्हणजे फाइलमध्ये काय कुठे आहे त्याची यादी, शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर ती लिहायची राहते आणि अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही जिथवर झालं तिथवर चालतं. नंतर ‘सी कॉपी’ने एमपी४ करून घ्या.

—

त्याच अनुक्रमणिकेबद्दल: वेबसाइटवर चढवायच्या एमपी४ला ‘फास्टस्टार्ट’ द्या. ती सुरुवातीला येते, पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधीच व्हिडिओ चालू होतो.

—

मला ही काळी खिडकी झेपत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. लॉसलेसकट हा प्रोग्रॅम घ्या. आत एफएफएमपेगच, पण माउसने कापता येतं आणि की-फ्रेम कुठे आहेत तेही दिसतं.

—

एक अडचण. गॅदरिंगचे तुकडे तीन पालकांच्या तीन फोनमधून आले. तुकड्यांच्या नावांची यादी फाइलमध्ये लिहून ‘कॉन्कॅट’ने (एकामागे एक जोडण्याची सोय) कॉपी करून जोडले, तर पहिला तुकडा छान, दुसऱ्यापासून नुसते हिरवे ठोकळे. काय करावं?

—

(धागाकर्ता) आधी प्रत्येक फाइल एफएफप्रोबने तपासा; एफएफएमपेगसोबतच येतं, फाइलच्या आत काय आहे ते सांगतं. एखादा आयफोन एचईव्हीसी कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) देत असेल, दुसरा फोन एच२६४. कुणाचा आकार वेगळा, कुणी उभं धरून घेतलेलं. यादीवाल्या जोडणीला सगळे तुकडे एकाच कोडेकचे, एकाच मापाचे लागतात. तिन्ही आधी एच२६४, १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० फ्रेम करून घ्या. आवाजही एएसी कोडेकमध्ये, ४८ हजार हर्ट्झवर आणा. मग जोडा. आणि हो, तबलेवाल्या गुरुजींनी हसायच्या आत मीच सांगतो, इथे रेंडर करावंच लागेल.