बोट्सवानात नदी-सफारीचा व्यवसाय : बडोद्याहून सुरुवात करता येईल का?

मकरपुरेकर (प्रश्न)

नमस्कार. मकरपुरा जीआयडीसीमध्ये माझा फायबरग्लासचा छोटा कारखाना आहे. गेली एकोणीस वर्षे आम्ही पाण्याच्या टाक्या, रसायन कारखान्यांना लागणारी झाकणे आणि बागांमधल्या घसरगुंड्या बनवतो. मध्यंतरी एका तलावासाठी पायडलच्या सहा होड्याही बनवून दिल्या. माझे भावोजी मागच्या वर्षी बोट्सवानात फिरून आले. कासाने या गावी चोबे नदीवर त्यांनी दोन-अडीच तासांची बोटीची फेरी केली. हत्ती पोहत बेटावर जाताना त्यांनी पाहिले, आणि बोटीतली एकही खुर्ची रिकामी नव्हती हेही पाहिले. पहिली गोष्ट त्यांनी घरात सर्वांना सांगितली, दुसरी फक्त मला.

तेव्हापासून डोक्यात हिशेब चालू आहे. प्रत्येकी बारा आसनांच्या दोन बोटींचे सांगाडे इथे बनवून कंटेनरने पाठवावेत, चाळीस अश्वशक्तीची इंजिने तिकडे घ्यावीत आणि चोबेवर किंवा ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात फेऱ्या सुरू कराव्यात, असा विचार आहे. त्या प्रदेशाजवळच्या माउन गावी एक गुजराती दुकानदार ओळखीचे आहेत. परवाना तिथल्याच एका माणसाच्या नावाने काढता येईल असे ते म्हणतात. माझ्याजवळ साधारण साठ लाख रुपये आहेत. जागा कोणती निवडावी, हंगाम किती महिन्यांचा असतो, आणि पैसे रीतसर बाहेर कसे न्यावेत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मगरींचे भय आम्हा बडोदेकरांना कोणी घालू नये, कारण काळा घोड्याच्या पुलावरून विश्वामित्रीतल्या मगरी पाहतच आम्ही मोठे झालो. पाणघोड्यांचा अनुभव मात्र नाही.

थामलाकानेकाठ

मी सात वर्षे माउनमध्ये एका लोखंडी सामानाच्या दुकानात हिशेब लिहीत होतो. आता दांडिया बाजारात परत आलो आहे. आपल्या प्रश्नातले सर्वांत धोक्याचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. परवाना दुसऱ्याच्या नावाने काढू नका. बोट्सवानाच्या पर्यटनविषयक नियमांत काही व्यवसाय केवळ तेथील नागरिकांसाठी, किंवा संपूर्ण मालकी नागरिकांकडे असलेल्या कंपन्यांसाठी, राखून ठेवलेले आहेत. तंबूंची मैदाने, अतिथिगृहे, फिरत्या सफारी आणि पर्यटकांची वाहतूक यांच्याबरोबर मोकोरोच्या, म्हणजे काठीने ढकलायच्या अरुंद होडीच्या, फेऱ्या आणि मोटरबोट सफारी हे दोन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे आपल्याला जे करायचे आहे, नेमके तेच परक्याला बंद आहे. नाव एकाचे आणि पैसा दुसऱ्याचा अशा व्यवस्थेत उद्या भांडण झाले, तर बोट कागदोपत्री त्याची असेल आणि आपण न्यायालयात कोणत्या तोंडाने उभे राहणार?

परदेशी मालकांची आलिशान लॉज तिथे आहेत हे खरे. पण ती सरकारकडून किंवा गावांच्या ट्रस्टकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या क्षेत्रांवर उभी आहेत आणि बोटी त्यांच्या मुक्कामी पाहुण्यांसाठी असतात. 'पर्यटक थोडे आणि दर चढे' हे त्या देशाचे जुने धोरण आहे. साठ लाखांत त्या दाराची कडीही वाजत नाही.

आता पाण्याविषयी, कारण नदी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नर्मदा येते आणि इथेच माणूस फसतो. ओकावांगो समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या पठारावर साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो, ते पाणी महिनोन् महिने सरकत बोट्सवानाच्या वाळूत पसरते आणि त्यातले बहुतेक सारे उन्हाने व झाडा-गवतांच्या द्वारे हवेत जाते. गंमत अशी की, माउनला पूर येतो तो तिथला पावसाळा संपल्यावर, जून-जुलैच्या सुमारास, आभाळ निरभ्र असताना. माउनमधून वाहणाऱ्या थामलाकाने नदीत पाणी येते त्या दिवशी लोक पुलावर उभे राहतात. लोंढा वगैरे काही नसतो. कोरड्या वाळूवरून पाण्याची एक जीभ पुढे सरकत असते, तिच्या तोंडाशी फेस, वाळकी पाने आणि शेणाचे तुकडे असतात, आणि पोरे तिच्या पुढे उलटी चालत तिला वाट दाखवतात. त्या देशाच्या चलनाचे नाव 'पुला', म्हणजे पाऊस, असे का आहे हे मला त्या पुलावर कळले.

हे पाणी दर वर्षी सारखे येत नाही. २०१९ साली थामलाकाने माउनजवळ कोरडी पडली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तर आटलेल्या पात्रातल्या चिखलात पाणघोडे रुतून बसले होते. अशा वर्षी इंजिनाची बोट अंगणात उभी राहते. चांगल्या वर्षीही कालचा मार्ग आज असेलच असे नाही, कारण पपायरस या उंच पाणगवताचे तरंगते गठ्ठे प्रवाह अडवतात, पाणी दुसरीकडे फुटते, आणि पुष्कळदा पाणघोड्यांनी ये-जा करून मोकळ्या ठेवलेल्या वाटाच तेवढ्या उरतात. आपण ज्या वाटेने बोट नेणार ती त्यांची वाट असते, हे विसरून चालत नाही.

चोबेचे तसे नाही. कासानेजवळ पाणी बारमाही असते, झांबेझीच्या पुराचा फुगारा तिथे चढतो, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत हत्तींचे कळप काठावर येतात. म्हणूनच तिथे बोटींची दाटी आहे. भावोजींनी जे बेट पाहिले ते बहुधा सेदुदू असावे. त्यावर बोट्सवाना आणि नामिबिया यांचा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला होता. १९९९ मध्ये बेट बोट्सवानाला मिळाले, पण दोन्ही बाजूंच्या प्रवाहांत दोन्ही देशांच्या बोटींना समान वागणूक मिळेल असेही ठरले. त्यामुळे पलीकडच्या काठावरून नामिबियाच्या बोटीही त्याच हत्तींभोवती येतात.

बोटीबद्दल एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. चोबेवर बहुतेक बोटी ॲल्युमिनियमच्या, दोन बंद नळकांड्यांवर सपाट तक्ता बसवलेल्या असतात. पाण्याखालच्या खुंटाने किंवा पाणघोड्याच्या धडकेने ॲल्युमिनियम चेपते, फायबरग्लास चिरते. इंजिन कितीही चांगले असो, पंख्यात गवत अडकले की ते वर उचलून हाताने मोकळे करावे लागते, आणि तेवढा वेळ बोट प्रवाहाच्या मर्जीवर असते. ते करताना माझा एक मित्र पाण्याकडे पाठ करून वाकला होता. नावाड्याने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढले आणि एक शब्दही न बोलता मगरीकडे बोट दाखवले. विश्वामित्रीतली मगर आणि नाईलची मगर यांना एकाच तागडीत तोलू नका.

हिशेबनीस

पैशांपुरते लिहितो. निवासी भारतीय व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, त्यामुळे साठ लाख रुपये मर्यादेत बसतात. मात्र वर्षभरात दहा लाखांच्या वर गेलेल्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर, बँक आधीच वसूल करते. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. साठ लाख पाठवायचे असतील तर आणखी दहा लाखांची सोय हाताशी ठेवा. परदेशी कंपनीत भागभांडवल घेणार असाल तर २०२२ चे विदेशी गुंतवणुकीचे नियम लागू होतात. बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यायचा, आणि पैसे त्यानंतर पाठवायचे. पुढे विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंद चुकवू नका.

'तुम्ही इथे द्या, मी तिथे देतो' असा मार्ग कोणी सुचवला, कितीही घरोब्याचा माणूस असला तरी, तिथेच संभाषण थांबवा. आणि इतरांच्या नावावरच्या परवान्यात पाठवलेला पैसा बँकेला काय म्हणून दाखवणार, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

एन्टेबीकर

मूळची मी फत्तेगंजची; यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षे युगांडात होते. बोट्सवानाचे दार बंद असेल तर युगांडाचाही विचार करून पाहावा, पण तिथे काय चालते ते आधी नीट पाहावे. एन्टेबीहून जवळच व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी माबांबा नावाची दलदल आहे. २००६ पासून ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. लोक तिथे येतात ते शूबिल पाहण्यासाठी. हा जोड्याएवढ्या चोचीचा राखाडी पक्षी तासभर पुतळ्यासारखा उभा राहतो आणि मग एकदम पूर्ण अंगानिशी फुफ्फुसमाशावर कोसळतो. तो दिसला की जाळ्यात मासा येत नाही, अशी कोळ्यांची समजूत होती आणि त्यापायी ते त्याला मारत असत. आता त्यांच्यातलेच कित्येक जण लाकडी होडीतून पाहुण्यांना घेऊन त्याला शोधत फिरतात. होड्या पाळीपाळीने लागतात आणि स्थानिक वाटाड्यांची संघटना ते सांभाळते. बाहेरच्या माणसाने तिथे दोन चकचकीत बोटी आणून उभ्या केल्या, तर कायदा काही म्हणो अथवा न म्हणो, धक्क्यावर त्याला कोणी उभे करणार नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

मोठ्या फेऱ्या म्हणजे मर्चिसन धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जाणारी नाईलवरची, आणि जॉर्ज व एडवर्ड या दोन सरोवरांना जोडणाऱ्या काझिंगा कालव्यातली. या दोन्ही राष्ट्रीय उद्यानांत आहेत, तेव्हा वन्यजीव प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. जमिनीचेही ध्यानात घ्यावे. परक्याला जमीन मालकीने मिळत नाही, जास्तीत जास्त ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. व्हिक्टोरियासारख्या मोठ्या सरोवरांच्या काठाची २०० मीटर आणि नाईलच्या काठाची १०० मीटर पट्टी संरक्षित असल्याने धक्का किंवा कचेरी मनाला येईल तिथे बांधता येत नाही.

जायचे ठरल्यास पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासूनच ग्राह्य धरतात आणि ते नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर अलग ठेवतात. आणखी एक. १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, त्यांतली कित्येक कुटुंबे गुजरातमधली होती. आज व्यवहार पुष्कळ मोकळे आहेत, परंतु आपला माणूस पैसा घालतो आणि काम करणारा वेगळा असतो, या गोष्टीकडे तिथले लोक अजून बारकाईने पाहतात.

वाघोडिया रस्ता

विम्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तिथे पाणघोडे नव्हते, मगरही नव्हती. मकरपुरेकरांनी बारा आसनांचा हिशेब मांडला आहे, तर तेराव्या माणसाला धक्क्यावर उभे ठेवण्याची तयारी आहे का, हे आधी ठरवावे.

मकरपुरेकर

सर्वांचे मनापासून आभार. दुकानदारांना काल फोन करून परवान्याची ती कल्पना सोडल्याचे कळवले. ते थोडे नाराज झाले, पण त्यांनी वाद घातला नाही, यावरून त्यांनाही ठाऊक असावे असे वाटले. वाघोडिया रस्त्यावरच्या बंधूंच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. तलावाला होड्या दिल्या तेव्हा त्यांत किती माणसे बसवणार, हे मी विचारलेच नव्हते. आता त्या ठेकेदाराला भेटून प्रत्येक होडीवर आकडा रंगवून देणार आहे.

आता वेगळा प्रश्न. फेऱ्या चालवणे नागरिकांसाठी राखीव असेल, तर त्यांना लागणाऱ्या होड्या पुरवण्याचे काय? मोकोरो हल्ली फायबरग्लासच्या असतात असे वाचले. तो तर माझाच धंदा आहे. थामलाकानेकाठ यांनी मोकोरोबद्दल आणखी लिहावे.

थामलाकानेकाठ

हे विचारलेत ते बरे झाले. मोकोरो पूर्वी एकाच झाडाच्या खोडातून कोरत. त्यासाठी वाढायला शंभर वर्षे घेणारी झाडे तोडावी लागत आणि होडी काही वर्षांत कुजे. म्हणून फायबरग्लास आले. होडी लांब आणि अरुंद असते. दोन पाहुणे जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतात आणि नावाडी मागे उभा राहून 'न्गाशी' नावाच्या लांब काठीने तळाला रेटा देतो. राखीव यादी पर्यटन व्यवसायांची आहे, होड्या बनवण्याची नाही. तरीही व्यापार-उद्योगांच्या निराळ्या याद्या आहेत, तेव्हा राजधानी गाबोरोनेतल्या वकिलाकडून लेखी मत घ्या. शिवाय तिथे पाणवनस्पतींच्या नियंत्रणाचा कायदा कडक आहे: होडी देशात आणायला, आणि एका जलक्षेत्रातून दुसऱ्यात न्यायलाही, परवाना लागतो, कारण साल्व्हिनिया या झपाट्याने पसरणाऱ्या पाणवनस्पतीचा एक तुकडा चिकटून गेला तरी पुढची खाडी बुजते.

साचा बनवण्यापूर्वी तिकडे जाऊन या, आणि जुलैत जा. आपला पायडल-होडीचा हात रुंद, सपाट तळाकडे वळेल. तशी होडी डुलत नाही हे खरे, पण वेतासारख्या गवतातून ती शिरतही नाही. नावाड्याचे पाय जिथे टेकतात तिथला पृष्ठभाग खरखरीत हवा. रंग मातकट ठेवा, पिवळा-लाल नको. फायबरग्लासला कडक उन्हाचे काय होते ते आपल्याला मी सांगायला नको. माउनपासून थोड्या अंतरावरच्या गावांत नावाड्यांच्या संघटना आहेत. तिथे एक दिवस पाहुणा म्हणून पुढे बसा आणि दुसऱ्या दिवशी काठी हातात घेऊन मागे उभे राहा. पहिल्या तासात आपण पाण्यात पडाल. पाणी कंबरेएवढेच असते, तरी कुठे पडावे हे आधी नावाड्याला विचारून घ्या.