सोयाबीनमधी बूम मधीच खाली जायलाय, सेन्सर बदलावा का?

जिंतूरचा शेतकरी
राम राम मंडळी. सेकंडहँड सेल्फ प्रोपेल्ड बूम फवारा घेतलाय, १२ मीटरचा, घरचं रान अन् गावातलं भाड्यानं फवारायला. बूमला, म्हणजे नोझल लावलेल्या आडव्या लांब दांड्याला, उंची मोजणारे तीन अल्ट्रासोनिक सेन्सर हायेत, दोन्ही पंखांवर एकेक अन् मधी एक. मोकळ्या रानात उंची एकदम बरोबर धरतो पण सोयाबीनमधी गेलं की डावा पंख मधीच खाली बसतो, पार शेंड्याला घासतो, अन् लगेच झटका देऊन वर उचलतो. सकाळच्या पारी तर स्क्रीनवरचा आकडा नुसता नाचायलाय. पट्टापेर हाय, पीक अजून जुळलं नाही. मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेला, नवा टाका. खरंच गेला असंल का? शेजारी कापूस हाय म्हणून बूम लै वर घेऊन चालवायची हिंमत होईना.

फवारणीवाला, औसा
दादा घाई करू नका, नवा घेऊन बी हेच होईल असं मला वाटायलंय. हा सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो अन् तो आदळून परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतो, त्याला पीक कोणतं अन् माती कोणती हे काही कळत नाही. मोकळं रान सपाट, आवाज सरळ वापस येतो. सोयाबीनचं पान तिरपं असतं, थोडा आवाज भलतीकडं जातो, थोडा पानातून खाली मातीवर जाऊन येतो, मग एकदा शेंडा दिसतो एकदा जमीन. जमीन दिसली की मशीन समजतं आपण लै वर आलो, अन् पंख खाली घालतं. आता उतरून बघा, डावा सेन्सर नेमका पट्ट्यातल्या रिकाम्या ओळीवर येतोय का. मला तर तिथंच शंका हाय. ब्रॅकेट सरकवून दाट ओळीच्या डोक्यावर आणा. बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा-सरीवर, पेरलं असंल तर सरीवर नको, वरंब्यावर घ्या. अन् आंतरपीक तूर असंल तर तुरीच्या ओळीवर बी नको, पुढं तूर उंच झाली की तो तुरीपासून उंची धरील अन् सोयाबीनवर फवारा वरून पडंल. कंट्रोलरमधी माती अन् पीक असे दोन मोड असतील तर ते बी बघा, पेरणीआधीचं तणनाशक मारताना माती मोड ठेवलेला असतो अन् मग तसाच राहतो.

वायरिंगवाला, हिंगोली
वरच्या दादांचं बरोबर हाय, पण आधी फुकटातली तपासणी करा. डावा अन् उजवा सेन्सर आपसात बदला. खराबी सेन्सरसोबत उजवीकडं गेली तर सेन्सर खराब, डावीकडंच राहिली तर वायर, कनेक्टर नाहीतर बसवायची जागा. बूम घडी होतो त्या बिजागरीपाशी केबल दबून आतून तुटते, वरून चांगली दिसते. कनेक्टर उघडून हिरवं पडलंय का बघा, साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, कनेक्टरचं) लावा, साधं चाकाचं ग्रीस भरू नका. सकाळी आकडा नाचतो ते दवानं, तोंडावर पाण्याचा थेंब बसला की आवाज तिथंच अडकतो. मऊ फडक्यानं पुसून चालू करा, हातमोजे घालून, तिथं औषध साचलेलं असतं. डिझेल, थिनर लावू नका, अन् वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी सेन्सरच्या तोंडावर तर बिलकुल मारू देऊ नका, आतला पडदा नाजूक असतो. बूमखाली जायच्या आधी इंजिन बंद.

जिंतूरचा शेतकरी
धन्यवाद दोघांनाबी. अदलाबदल केली, खराबी डावीकडंच राहिली, म्हणजे सेन्सर चांगला हाय. अन् खरंच रिकाम्या ओळीवर येत होता, सरकवलाय, आता पंख बसत नाही. सकाळी पुसून घेतो. आणखी एक, उन्हाचा फरक पडतो का? अन् उंची नेमकी किती ठेवावी?

फवारणीवाला, औसा
हवा एक डिग्री तापली की आवाज सेकंदाला साधारण ०.६ मीटर जोरात पळतो. सकाळी २० डिग्री अन् दुपारी ३५ धरले तरी ८० सेंटीमीटरवर दोनेक सेंटीमीटरचाच फरक, अन् बऱ्याच सेन्सरमधी तापमान धरून हिशोब केलेला असतो. त्याचं मनावर घेऊ नका.

उंचीचं मात्र मनावर घ्या. नोझलवर ११००२ असा काही नंबर असंल तर त्याचा फवारा ११० अंशात पसरतो, नोझल ५० सेंटीमीटर अंतरावर असतील तर शेंड्यापासून ५० सेंटीमीटर उंची ठेवा. ८० अंशाचा असंल तर ७५ लागंल. ही उंची नोझलपासून मोजायची, सेन्सर नोझलच्या वर बसवलेला असतो, तो फरक सेटिंगमधी टाकावा लागतो. सपाट कडक जागेवर मशीन उभं करून टेपनं मोजा अन् स्क्रीनशी जुळवा, तिन्ही सेन्सरचं.

बूम जितका वर तितका बारीक थेंब वाऱ्यानं पळतो, अन् कापसाला टू-फोर-डी हे तणनाशक लै वाईट लागतं, नुसता वास लागावा तशी पानं आकसतात. उसात ते मारून टाकी नीट न धुता सोयाबीनला आलेलं मशीन मी बघितलंय. कापसाकडचे दोन फेरे वारा कापसाकडून आपल्याकडं असताना मारा. तसा वारा नसंल तर तेवढा पट्टा राहू द्या, दुसऱ्या दिवशी येऊन मारा.