जुन्या पिकअपचे हेडलाइट घरीच बदलायचे आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बाबांची जुनी पिकअप आता मी चालवते. इंजिन ठणठणीत आहे, पण दिव्यांनी पार जीव सोडलाय. पुढे दोन गोल दिवे आहेत, काचेचं माप टेपने घेतलं तर जवळपास सात इंच भरतं. उजव्या दिव्याच्या आत तळाला पाणी साचलंय आणि आतला चंदेरी मुलामा पोपडे धरून सुटलाय. डावा लागतो, पण पिवळट आणि मिणमिणता. डिप्परवर (खाली, जवळ पडणारा उजेड) रस्ता दिसतच नाही. अप्पर (लांबवर जाणारा उजेड) दिला की थोडं बरं, पण समोरच्याला त्रास देत गाडी चालवायला मन धजत नाही.

मला बऱ्याचदा पहाटे अंधारातच निघावं लागतं. गेल्या आठवड्यात कडेने चाललेला एक सायकलवाला अगदी जवळ पोचल्यावर दिसला. त्याला काही झालं नाही, पण घरी येईपर्यंत माझे हात थरथरत होते. हे काम आता पुढे ढकलायचं नाही असं तेव्हाच ठरवलं.

काल बॉनेट उघडून नीट बघितलं. दिव्याभोवती एक पत्र्याची रिंग आहे आणि तिला चार छोटे स्क्रू. त्यातल्या दोघांच्या डोक्याच्या खाचा झिजल्यात आणि वर गंज आहे. शिवाय एक लांब स्क्रू वर आणि एक बाजूला, दोन्हींच्या मागे स्प्रिंग दिसते. हे कशाचे? दिव्याच्या मागे रबराची टोपी आहे, त्यात तीन पिनांचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा तुकडा) बसतो. डाव्या बाजूच्या कपलरचं प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन वितळल्यासारखं झालंय.

दिवे पूर्ण बदलावे लागतील की नुसते बल्ब घालून भागेल? एलईडी बल्ब टाकला तर उजेड वाढेल का? आणि नवे दिवे बसवल्यावर ते सरळ मारतायत की नाही हे घरी कसं तपासायचं? पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि एक साधा मल्टिमीटर घरात आहे. वायरिंगचं काम आधी कधी केलेलं नाही, पण सांगाल तसं सावकाश करायची तयारी आहे.

प्रतिसाद १

मागे रबराची टोपी आहे म्हणजे तुमचा दिवा बल्बवाला आहे, बहुतेक एच४ जातीचा. सील्ड बीम असता तर काच, रिफ्लेक्टर (आतली चंदेरी वाटी) आणि फिलामेंट (तापून उजेड देणारी तार) एकाच बंद भांड्यात असतं, मागे नुसत्या तीन पट्ट्या बाहेर येतात आणि फिलामेंट गेलं की अख्खा दिवाच बदलावा लागतो. टोपी काढून बघा. तारेची क्लिप आणि बल्बचा तीन कानांचा पत्रा दिसला की खात्री झाली.

उजव्या दिव्याचा मुलामा सुटलाय, त्यामुळे तिथे नुसता नवा बल्ब घालून उपयोग नाही. उजेड पुढे फेकायचं काम तो मुलामा करतो. दिवे जोडीनेच बदला, नाहीतर एक पांढरा आणि एक पिवळा राहील.

प्रतिसाद २

सरळ एलईडी बल्ब टाका, पाच मिनिटांचं काम आहे. मी टाकलेत, भिंतीवर लख्ख उजेड पडतो.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाशी सहमत नाही. भिंतीवर लख्ख दिसतं आणि रस्त्यावर समोरच्याचे डोळे दिपतात. एच४ बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात आणि डिप्परच्या फिलामेंटखाली एक इवलीशी पत्र्याची वाटी असते. तिच्यामुळे डिप्परचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. रिफ्लेक्टर आणि काचेवरच्या रेघा त्या फिलामेंटची जागा धरून बनवलेल्या असतात. एलईडीचा उजेड त्याच जागेतून तसाच निघेल असं नाही. बऱ्याच देशांत हॅलोजन (एच४सारख्या फिलामेंटच्या) बल्बसाठी बनवलेल्या दिव्यात असा एलईडी बल्ब टाकायला परवानगीही नाही. ताई, तुम्हाला सायकलवाल्याची एवढी काळजी आहे, तर हा मार्ग धरू नका.

प्रतिसाद ४ (वायरमनकाका)

ताई, मी तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गोष्टींत माझी नजर त्या वितळलेल्या कपलरवर गेली. कपलर तापतो तो आत पकड ढिली झाली किंवा गंज चढला म्हणून. म्हणजे करंट वाटेतच अडतोय, आणि वाटेत अडलेला करंट उजेड न देता उष्णता देतो. नवे दिवे आणून त्याच वायरवर लावले तर तेही पिवळेच दिसतील.

म्हणून दिवे विकत घ्यायच्या आधी एक मोजणी करा. दिवे चालू ठेवा, कपलर लागलेलाच राहू द्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. बॅटरीच्या दोन टर्मिनलवरचा आकडा लिहून घ्या. मग एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं बल्बच्या डिप्परच्या पिनला लावा. त्यानंतर एक टोक बल्बच्या अर्थिंगच्या (मायनसकडे परत जाणाऱ्या) पिनला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. कपलरच्या मागून टोक आत सरकवता येतं. शेवटच्या दोन मोजण्यांत जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत मरतायत.

आणि स्प्रिंगवाले ते दोन लांब स्क्रू अजिबात फिरवू नका. वरचा दिव्याला खाली-वर करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. पुष्कळ जण रिंग काढायच्या नादात तेच फिरवून बसतात.

धागाकर्ती

वायरमनकाका, मोजलं. दिवे चालू असताना बॅटरीवर १२.३. प्लसच्या बाजूला ०.६ आणि अर्थिंगच्या बाजूला १.३. हे सगळं डाव्या दिव्याचं, तीनदा मोजलं, तेच येतंय. रबराची टोपी काढली, आत बल्बच आहे, पत्र्यावर एच४ आणि ६०/५५ (अप्परचे ६०, डिप्परचे ५५ वॅट) लिहिलंय. उजव्या बाजूची टोपी चिरलेली निघाली, पाणी बहुतेक तिथूनच जातंय.

प्रतिसाद ५ (वायरमनकाका)

शाब्बास, मोजणी अगदी बरोबर आहे. बल्बपर्यंत पोचतात फक्त १०.४ व्होल्ट. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून खूप जास्त वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्टेज घटलं तर तीस टक्क्यांच्या आसपास उजेड जातो. तुमचं पंधरा टक्के घटलंय, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड वायरमध्येच संपतोय. पिवळेपणाचं कारणही हेच, फिलामेंट पुरेसं तापत नाही.

आधी अर्थिंग धरा, मोठा चोर तोच आहे. आधी बॅटरीच्या मायनस टर्मिनलची वायर काढून ठेवा. दिव्याच्या मागून निघणारी अर्थिंगची वायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला एका बोल्टने जोडलेली सापडेल. तो बोल्ट उघडा, वायरच्या टोकाचा गोल लग आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासा. रंग आणि गंज जाऊन धातू चमकायला लागेपर्यंत घासायचं. लग हिरवट पडला असेल तर कापून नवा दाबून लावा. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा, म्हणजे पुन्हा गंज धरणार नाही. दोन्ही बाजूंना हेच करा.

वितळलेला कपलर ठेवू नका. वायरच्या तुकड्यासकट नवा मिळतो. जोड नुसता पिळून टेप गुंडाळू नका. क्रिम्प करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) आणि वर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी बसवा.

प्लसच्या बाजूचे ०.६ मात्र स्विचमधून येणार. जुन्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि डिप्परच्या स्विचमधून फिरून येतो. डिप्परवर दोन्ही बल्ब मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ अँपियर, आणि अप्परवर दहा. एवढं ओझं त्या जुन्या पट्ट्या रोज वाहतात. यावर उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणाऱ्या स्विचचा. डिप्परला एक, अप्परला एक. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बॅटरीजवळच १५ अँपियरचा फ्यूज टाका आणि ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनला द्या. ८७ वरून दिव्यांना. जुनी दिव्याची वायर ८६ ला, ८५ अर्थिंगला. मग स्विच फक्त रिले ओढतो आणि दिव्यांना बॅटरीतून थेट करंट मिळतो. हे काम नंतर केलं तरी चालेल, पण करा.

प्रतिसाद ६

गंजलेल्या स्क्रूंबद्दल. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी खाचेत नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर घ्या, त्याच्या मुठीवर हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. तेवढ्याने गंजाची पकड तुटते, मग उलटा फिरवा. घाईने सोडायला गेलात की उरलेली खाचही जाते. तरीही नाही सुटला तर लॉकिंग पक्कडीने डोकं धरा. ड्रिल अगदी शेवटी.

प्रतिसाद ७

दिवे घेताना एक गोष्ट नक्की बघा. डिप्परचा उजेड दोन्ही बाजूंना सारखा नसतो, आपल्या कडेच्या बाजूला तो जरा वर उचललेला असतो, म्हणजे पायी चालणारे आणि सायकलवाले दिसावेत. रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक असेल तिथला दिवा वेगळा आणि उजव्या बाजूने असेल तिथला वेगळा. युरोपीय मानकाच्या काचेवर खूण असते: दिव्यासमोर उभं राहून बघितल्यावर बाणाचं टोक उजवीकडे असेल तर तो डावीकडच्या वाहतुकीचा. बाणच नसेल तर उजवीकडच्या वाहतुकीचा. चुकीचा घेतलात तर तो उचललेला उजेड थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल.

नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल राहिलं तर तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसून वाळू द्या.

धागाकर्ती

रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागले, पण काम झालं. तेलाने तीन स्क्रू सुटले, चौथ्याचं डोकं पक्कडीने धरावं लागलं. डाव्या बाजूचा अर्थिंगचा बोल्ट उघडला तर लगच्या खाली धातू दिसेना, सगळी हिरवी-तपकिरी भुकटी. मी पत्रा आरशासारखा होईपर्यंत घासला. काम झाल्यावर परत मोजलं: अर्थिंगच्या बाजूला ०.१. अजून जुनाच दिवा लावलेला होता, तरी तो पांढरा लागला! मी तिथेच उभी राहून बघत बसले.

मग दोन्ही नवे दिवे बसवले, बाणाची खूण बघूनच घेतले होते. पाठीमागचे तीन कान खोबणीत नीट बसले की दिवा हलत नाही, हे दुसरा दिवा बसवताना कळलं. पहिला एकदा काढून पुन्हा बसवला. टोप्याही दोन्ही नव्या घातल्या. आता फक्त निशाणा लावायचा राहिलाय. भिंतीसमोर सपाट जागा आहे.

प्रतिसाद ८

टायरची हवा बरोबर करा आणि पिकअपमध्ये तुम्ही नेहमी जेवढं सामान नेता तेवढं मागे ठेवा. हे पिकअपला फार महत्त्वाचं आहे, कारण मागे वजन पडलं की नाक वर जातं आणि दिवेही त्याबरोबर वर जातात. रिकाम्या गाडीवर लावलेला निशाणा भरलेल्या गाडीत समोरच्याला दिपवतो. चालकाच्या जागी कोणीतरी बसवा.

गाडी भिंतीपासून दहा मीटरवर सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा आणि भिंतीवर तेवढ्या उंचीला टेपची आडवी पट्टी लावा. त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दुसरी. दोन्ही दिव्यांच्या मध्यासमोर एकेक उभी पट्टी. अंधार पडल्यावर डिप्पर लावा. एका दिव्याचा कपलर काढून ठेवा, म्हणजे एकाच दिव्याचा उजेड बघता येईल. उजेडाची वरची सपाट कड खालच्या पट्टीवर यायला हवी आणि जिथून ती वर चढायला लागते तो कोपरा उभ्या पट्टीवर. आता ते स्प्रिंगवाले स्क्रू फिरवायचे, एका वेळी अर्धा फेरा, आणि मागे येऊन बघायचं.

धागाकर्ती

झालं. उजवा बराच वर मारत होता, चार-पाच अर्धे फेरे लागले. आज पहाटे त्याच रस्त्याने गेले. कडेची खडी, मैलाचा दगड, पुढे चाललेल्या माणसाची चप्पल, सगळं लांबूनच दिसत होतं. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, काकांचे विशेष. रिले पुढच्या रविवारी बसवणार आहे.

एकच शंका राहिली. अप्पर लावला की डिप्परचं फिलामेंट पूर्ण बंद होतं. हे बरोबर आहे ना, की स्विचमध्ये काही बिघाड आहे?

प्रतिसाद ९ (वायरमनकाका)

बरोबर आहे. एच४ मध्ये दोन्ही फिलामेंट एकत्र जळत ठेवायची नसतात, एकाच काचेत ११५ वॅट झाले की बल्ब फार तापतो. पासिंग देताना (अप्पर मारून इशारा करताना) क्षणभर दोन्ही लागली तर हरकत नाही. रिले जोडतानाही अप्पर आणि डिप्परच्या वायरी वेगळ्याच ठेवा, एकमेकांना जोडू नका. जोडून झालं की प्लसच्या बाजूचा आकडा परत मोजून इथे लिहा. ०.६ चे ०.२ च्या आत यायला हवेत.