नोकरी करताना पुन्हा पदवीकडे का वळावे?

दप्तर: मी एका पतसंस्थेत लिपिक असून माझे शिक्षण बारावीनंतर थांबले. पदोन्नतीची खात्री नसतानाही माझ्या वयाची, चाळिशीतली माणसे पुन्हा प्रवेश का घेतात, हे जाणून घ्यायचे आहे.

कृष्णाकाठ: पदोन्नती हे सांगायला सोपे कारण आहे, पण माझ्या मते पुरेसे नाही. माझे शिक्षण लग्नामुळे सुटले होते आणि मुले मोठी झाल्यावर, ‘आता नाही तर कधी?’ या एका विचाराने मी बी.ए.ला प्रवेश घेतला. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची मराठीतील स्वयंअध्ययन पुस्तके आणि जवळचे अभ्यासकेंद्र नसते, तर नोकरी आणि घर सांभाळून मला हे शक्यच झाले नसते. मुलांच्या शेजारी बसून अभ्यास करताना घरात मला जो मान मिळाला, तो मला पगारवाढीहून मोठा वाटतो.

सायंशाळा: अनेक शासकीय पदांच्या परीक्षांना पदवी ही किमान अट असते, त्यामुळे अनुभव असूनही अर्ज करता येत नाही, माझ्यासाठी हेच कारण निर्णायक ठरले.

कृष्णाकाठ: अगदी खरे. मात्र दप्तर, प्रवेशापूर्वी त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे अवश्य तपासा. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष असते, परंतु अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या यांसारख्या पदव्या दूरस्थ पद्धतीने घेता येत नाहीत.

दप्तर: मनःपूर्वक आभार. वाणिज्य शाखेची माहितीपुस्तिका आजच पाहतो.