स्वभावचाचणी घेऊन फुटबॉल संघ निवडावा का?

सेंटर-बॅक
निवडावा, पण सरसकट नको. मोकळेपणा, शिस्त, बहिर्मुखता, जुळवून घेणं, भावनिक अस्थिरता या पाच गुणांची अख्ख्या संघाची सरासरी काढून हाती काही लागत नाही. बघायचा तो शिस्तीचा सगळ्यात कमी आकडा, आणि तोही मागच्या चौघांतला, म्हणजे बचावपटूंमधला. ऑफसाइडच्या सापळ्यासाठी, म्हणजे समोरचा स्ट्रायकर बचावफळीच्या पलीकडे उरून नियमात अडकावा म्हणून, तिघे वेळेवर पुढे सरकले आणि चौथा दोन पावलं रेंगाळला, की तिघांची शिस्त पाण्यात. पुढच्या फळीचं उलट. ८० मिनिटं गायब असलेला स्ट्रायकर एका स्पर्शात सामना काढून देतो. बेशिस्त स्ट्रायकर परवडतो, बेशिस्त सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, नाही.

आकडेमोड
मांडणी पटते, गणित पटत नाही. नोकरदारांवरच्या अभ्यासांत शिस्त आणि कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.२ येतो. त्याचा वर्ग ०.०४, म्हणजे कामगिरीतल्या फरकाचा जेमतेम ४ टक्के भाग. एवढा बारीक संबंध खात्रीनं दिसायला १९० च्या वर माणसं लागतात. संघात असतात २५, आणि तेवढ्यांत ०.४ च्या खालचा आकडा योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. त्यात वरच्या पातळीवर पोचेपर्यंत खरे बेशिस्त केव्हाच गळालेले असतात. उरलेल्यांत फरक तो काय राहणार?

मधली फळी
शिस्त राहू द्या, जुळवून घेण्याचं काय? २०१० च्या विश्वचषकात स्ट्रायकर अनेल्काला घरी पाठवल्यावर फ्रान्सच्या खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला. गटात तळाला, ३ सामन्यांत १ गुण!

आकडेमोड
क्रम तपासा. बहिष्कार मेक्सिकोकडून ०-२ हरल्यानंतरचा. हरणाऱ्या संघात भांडणं होतातच. कारण कुठलं आणि परिणाम कुठला? १९९९ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं तीन करंडक जिंकले तेव्हा त्यांचे स्ट्रायकर कोल आणि शेरिंगहॅम एकमेकांशी बोलतही नव्हते.

मधली फळी
क्रमच बघायचा तर पूर्ण बघा. अनेल्काचा प्रशिक्षकाशी खटका उडाला तो मध्यंतराला, तेव्हा ०-० होतं. दोन्ही गोल त्यानंतरचे. कोल-शेरिंगहॅमचं मात्र मान्य. दोन स्ट्रायकरांचा अबोला खपतो. गोलकीपर आणि सेंटर-बॅक यांनी तो धरला तर क्रॉसवर, म्हणजे बाजूनं गोलसमोर आलेल्या चेंडूवर, ‘माझा!’ कोण ओरडणार?

सेंटर-बॅक
हेच म्हणतोय मी. जागेनुसार बघा.

राखीव गोलकीपर
सगळे एक गोष्ट विसरताय. निवड चाचणीवर ठरणार हे कळलं, की ‘मी कामं वेळेवर पूर्ण करतो’ या वाक्यापुढे सगळेच ५ पैकी ५ देणार. म्हणून चाचणी निवडीनंतर घ्या, तीही कुणाशी कसं बोलायचं हे ठरवण्यापुरती. निवडीसाठी वागणूक मोजा: चेंडू गमावल्यावर ६ सेकंदांत कोण मागे धावलं, किंवा चेंडूवर गेलं? दोन जणांनी वेगवेगळं मोजायचं, किमान ५ सामने. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर ‘धावलं’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवा.

आकडेमोड
हे चालेल. फक्त पहिली १५ आणि शेवटची १५ मिनिटं वेगळी लिहा. सुरुवातीला धावणारा शेवटी थांबत असेल, तर प्रश्न बहुधा दमाचा आहे, स्वभावाचा नाही.

सेंटर-बॅक
आणि सुरुवातीलाही थांबत असेल, तर त्याला मागच्या चौघांत उभा करू नका.